मूत्राशयाची डागडुजी

ज्या अवयवाचे नाव चारचौघांत काढावयाचे नाही असा आपल्याकडे संकेत आहे, त्याच्याविषयी आज लिहावयाचे आहे. वाचकहो, नाक मुरडू नका. तळेऱ्याच्या नाक्यावर एस. टी. थांबली की सर्वांच्या आधी खाली उतरणारा उतारू कोण असतो, ते एकदा पाहा. साठी उलटलेले कोणी आजोबा असतात, नाही तर चार बाळंतपणे झालेली एखादी काकी असते. पुढे वैभववाडी आणि मग करूळचा घाट. गगनबावडा येईतो निभावेल की नाही, ही त्यांची काळजी. ज्याची लघवीची पिशवी धड आहे त्याला ही काळजी कळावयाची नाही.

पिशवी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाणी साठवावयाची एक मुकी वस्तू येते. परंतु मूत्राशय मुके नाही. त्यात चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी साठते आणि ती साठत असताना त्याची भिंत हळूहळू सैल होत जाते, म्हणून आतला दाब फारसा वाढत नाही. खरे मर्म येथे आहे. भिंत कडक झाली, तिची लवचीकता गेली, म्हणजे दाब वाढतो आणि तो वर मूत्रपिंडांकडे परततो. मूत्राशयाच्या दुखण्याने माणूस सहसा तडकाफडकी दगावत नाही. पण बिघडलेले मूत्राशय वर्षानुवर्षे मूत्रपिंडांना पोखरीत राहते, आणि मूत्रपिंडे गेली की मग काय उरले?

आपल्या जुन्या वैद्यांना हा अवयव चांगला ठाऊक होता. ते त्याला बस्ति म्हणत. मूतखड्यासाठी कुळथाचे कढण कोकणात घरोघरी देतात. तेवढ्याने भागले नाही तर शस्त्र लावावे, असे सुश्रुताने सांगितले आहे. मात्र त्याने बस्तीची गणना तत्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत केली आहे. पुढे तो जे लिहितो ते फार बारकाईचे आहे. खडा काढताना झालेली जखम तेवढी त्याने अपवाद म्हणून वगळली. त्यातही बस्ति दोन्ही बाजूंनी फुटली तर रोगी जगत नाही. एकाच बाजूने फुटली तर जखमेतून लघवी वाहू लागते, पण नेटाने उपचार केल्यास ती जखम भरून येते. या दोन वाक्यांवरून लक्षात येते की, हे केवळ तर्काने लिहिलेले नाही. कोणी तरी रोगी मेलेले पाहिले होते आणि कोणी तरी बरे झालेलेही पाहिले होते.

सुश्रुताने पाहिलेले ते भरून येणे आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मूत्राशयाला आतून एक अस्तर असते. त्याच्या सर्वांत वरच्या थरात मोठ्या, पसरट पेशी असतात. आकारावरून शास्त्रज्ञ त्यांना छत्रीपेशी म्हणतात, आणि नाव अगदी सार्थ आहे, कारण लघवीचा एक थेंबही त्या आत झिरपू देत नाहीत. एरवी हे अस्तर फार सावकाश बदलते. परंतु त्याला इजा झाली की खालच्या थरातील पेशी झपाट्याने वाढू लागतात आणि, प्रयोगातल्या उंदरांत तरी, थोड्या दिवसांत अस्तर पुन्हा तयार होते. म्हणजे आपली डागडुजी आपणच करणारा हा अवयव आहे. मग अडते कोठे? अस्तर परत येते. पण त्याच्यामागचा स्नायू आणि त्यातल्या मज्जातंतूंचे जाळे तितक्या सहजी परत येत नाही. तेथे व्रण धरतो, आणि व्रणाचा स्वभावच मुळी आखडण्याचा.

असे आखडलेले मूत्राशय पाहावयास दूर जावयास नको. १९५२ सालची गोष्ट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरच्या बाजूला गिमवी म्हणून गाव आहे. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ च्या मे महिन्यात झाला. तळेरे आणि गिमवी त्या काळी एकाच जिल्ह्यातली गावे होती. गिमवीत काही माणसांच्या लघवीतून रक्त जात असे. गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी त्याचा छडा लावला, तेव्हा लघवीत एका कृमीची अंडी सापडली. हा रोग मिसर देशाचा आणि आफ्रिकेचा. हिंदुस्थानात त्याचे ठाणे असेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मुंबई राज्यात असे ठाणे सापडल्याचे त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले, आणि कोकणातले हे लहानसे गाव जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत जाऊन बसले. अजूनही ते तेथे आहे.

या कृमीचे आयुष्य एखाद्या कहाणीसारखे आहे. रोग्याच्या लघवीबरोबर अंडी ओढ्यात किंवा तळ्यात पडतात. पाण्यात ती फुटतात आणि आतला जीव गोगलगाय शोधू लागतो. ठरावीक जातीची गोगलगाय मिळाली तरच त्याची वंशवेल पुढे जाते. तिच्या शरीरात वाढून तो नव्या रूपाने पुन्हा पाण्यात उतरतो, आणि धुणे धुणाऱ्या, गुरे पाजणाऱ्या, पोहणाऱ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. नंतर नर आणि मादी जोडीने मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये बिऱ्हाड करतात, वर्षानुवर्षे राहतात, आणि मादी अंडी घालीत राहते. काही अंडी लघवीतून बाहेर पडतात. जी भिंतीतच अडकतात त्यांच्याभोवती सूज येते, व्रण होतो, पुढे चुना साचतो. अस्तरावर वाळू पसरावी तसे चट्टे दिसू लागतात. पिशवी जाड होते, कडक होते, लहान होते. कोणाकोणाला पुढे कर्करोगही होतो. गिमवीच्या बाबतीत संशय एका इवल्याशा गोगलगाईवर गेला. गोड्या पाण्यात दगडापानांना चिकटून राहणारी, जेमतेम काही मिलिमीटर लांबीची ही गोगलगाय आहे. शास्त्रात तिला फेरिसिया टेनुइस म्हणतात. आपल्या पऱ्ह्यात ती असली तरी तुमचेआमचे तिच्याकडे लक्ष जावयाचे नाही.

गिमवीचा रोग पुढे ओसरला. त्याने कोकणभर पाय पसरले नाहीत, हे आपले नशीब. मिसरात मात्र हा रोग पिरॅमिडांच्या काळापासून मुरलेला. १९१० साली रुफर या शास्त्रज्ञाला तीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रेतांच्या मूत्रपिंडांत याच कृमीची चुनखडी झालेली अंडी सापडली. कृमी स्वतः प्रथम दिसला तो १८५१ साली, कैरोत, थिओडोर बिलहार्झ या तरुण जर्मन डॉक्टरला, म्हणून रोगालाही त्याचेच नाव पडले. गोगलगाईचे बिंग लायपर याने १९१५ मध्ये फोडले.

मिसरातला एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे, कारण पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे. १९१८ नंतर या रोगावर अँटिमनीच्या क्षाराची सुई शिरेतून देऊ लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे तीन दशके मिसर सरकारने गावोगाव मोहिमा काढून लक्षावधी लोकांना ही औषधाची सुई टोचली. हेतू उत्तम होता. पण सुया आणि पिचकाऱ्या पुरेशा निर्जंतुक होत नव्हत्या, आणि त्यांच्यावाटे हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगाचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात गेले. मूत्राशय वाचवावयास गेले आणि यकृत गमावून बसले. पुढे प्राझिक्वांटेल ही तोंडाने घ्यावयाची गोळी आली आणि सुईचे काम संपले. परंतु औषध चांगले आहे आणि ते चांगल्या रीतीने दिले जात आहे, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांतल्या अंतराची किंमत मिसरने फार मोठी मोजली.

कृमी मेला तरी कडक झालेली पिशवी मऊ होत नाही. पाठीच्या कण्याला जन्मतः व्यंग असलेल्या मुलांत, कण्याला मार बसून कमरेखालची संवेदना गेलेल्यांत, क्षयाने किंवा किरणोपचाराने मूत्राशय आखडलेल्यांत हाच प्रश्न उभा राहतो. नवी भिंत आणावयाची कोठून?

शस्त्रवैद्यांनी प्रथम हात घातला तो आतड्याला. १८८८ साली इटलीत टिझोनी आणि फोज्जी यांनी कुत्रीच्या मूत्राशयाच्या जागी तिच्याच लहान आतड्याचा तुकडा बसविला. दुसऱ्या वर्षी मिकुलिच याने माणसाच्या मूत्राशयाला आतड्याचे ठिगळ लावले. १९५० साली अमेरिकेत ब्रिकर याने वेगळीच तोड काढली. आतड्याच्या तुकड्याची नळी करून लघवी पोटावरच्या पिशवीत सोडावयाची. त्यानंतर आतड्याचीच नवी पिशवी शिवून ती जुन्या जागी बसविण्याची कला वाढली, आणि तिला मोठा हातभार लागला तो पुन्हा मिसरातूनच, मन्सुरा येथील डॉ. घोनेम यांच्या केंद्राकडून. कृमीमुळे कर्करोग झालेले रोगी तेथे इतके येत की, हा विषय तेथल्या शस्त्रवैद्यांना सोडून चालणेच शक्य नव्हते.

हे ठिगळ आजही लावतात, आणि असंख्य लोकांची मूत्रपिंडे त्याने वाचली आहेत. पण आतडे ते आतडेच. अन्नातला रस शोषून घ्यावयाचा हा त्याचा जन्माचा धर्म. तो लघवीच्या बाबतीतही सुटत नाही. लघवीतून टाकून दिलेली आम्ले आणि क्षार ते पुन्हा रक्तात ओढून घेते. त्यातून बुळबुळीत स्राव पाझरत राहतो, त्याच्याभोवती खडे धरतात. बऱ्याच रोग्यांना दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून पिशवी रिकामी करावी लागते. ही नळी पूर्ण निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालते, असे १९७२ साली लॅपिडीस या डॉक्टरांनी दाखवून दिले. माझ्या मते मूत्राशयाच्या रोग्यांवर त्यांचे जेवढे उपकार आहेत तेवढे फार थोड्यांचे असतील. ना यंत्र, ना महागडे औषध. साबणाने धुतलेले हात आणि एक नळी. पण वर्तमानपत्रात मथळा व्हावा असे त्यात काहीच नाही.

आतड्याला पर्याय म्हणून काय काय वापरून पाहिले नाही? १९१७ साली नॉयहोफ याने स्नायूंवरचे पातळ पांढरे आवरण लावून पाहिले. पुढे प्लॅस्टिक झाले, स्पंज झाले. परके द्रव्य लघवीत बुडून राहिले की त्यावर खडे चढतात, ते कुजते, सुटून येते. आणि जे टिकते ते आखडते. अशी कित्येक वर्षे गेली.

मग १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात बॅडिलॅक नावाच्या संशोधकाने एक चमत्कारिक प्रयोग केला. कुत्र्याची मोठी रक्तवाहिनी कापून तेथे त्याने आतड्याच्या मधल्या थराची नळी बसविली. आश्चर्य असे की काही काळाने ती आतड्यासारखी राहिली नाही, रक्तवाहिनीसारखी दिसू लागली. पुढे हा थर डुकराच्या आतड्यातून काढून, त्यातल्या सर्व पेशी धुऊन टाकून वापरण्यात आला.

पेशी धुऊन टाकणे म्हणजे काय, ते मालवणकडच्या माणसाला मी निराळे सांगावयास नको. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजत घालतात. महिनोन्‌महिने गेले की मऊ भाग निघून जातो आणि काथ्या उरतो. येथे कुजविण्याऐवजी साबणासारखी रसायने वापरतात. जिवंत पेशी विरघळून जातात. राहते ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे जाळे. पेशी गेल्यामुळे शरीर त्याला परके म्हणून तितक्या जोराने झिडकारीत नाही. आणि काथ्यात नसलेली एक गोष्ट त्यात असते. वाढीला चेतविणारी द्रव्ये त्या जाळ्याला चिकटून राहिलेली असतात. आजूबाजूच्या पेशी हे मांडव पाहून त्यावर वेलासारख्या चढतात. १९९० नंतर उंदीर आणि कुत्री यांच्या मूत्राशयावर हे जाळे लावून पाहिले, तेव्हा अस्तर भराभर चढले, थोडा स्नायूही आला. लोकांच्या आशा उंचावल्या. पण निरोगी कुत्र्याच्या मूत्राशयाला पाडलेले भोक बुजविणे निराळे आणि मुळातच रोगट, व्रणांनी भरलेल्या मूत्राशयाला वाढविणे निराळे. माणसांत जे लहान प्रयोग झाले त्यांत फळ संमिश्र आले. वेल चढावयाची तर आधी कडेची जमीन सुपीक हवी, हे मध्येच विसरले गेले होते.

दुसरा पंथ म्हणाला, मग पेशी घालूनच द्या ना. डॉ. अँथनी अटाला यांनी रोगी मुलांच्याच मूत्राशयाचा लहानसा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या, साच्यावर पसरल्या आणि त्या मुलांना बसविल्या. चार ते एकोणीस वर्षे वयाच्या सात रोग्यांची हकीकत २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आली आणि जगभर गाजावाजा झाला. प्रयोगशाळेत अवयव तयार झाला! या बातमीची कात्रणे तुमच्यापैकी काहींनी ठेवलीही असतील. पुढची बातमी मात्र कोणी कापून ठेवली नसेल. याच पद्धतीने एका कंपनीने दहा मुलांवर नियमबद्ध चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. मूत्राशयाची धारणशक्ती म्हणण्यासारखी वाढली नव्हती, लवचीकता सुधारली नव्हती, आणि गंभीर उपद्रव सोसण्याजोग्या मर्यादेपलीकडे गेले होते. त्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. संशोधकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी वाईट निकालही छापला, ही गोष्ट लहान नव्हे.

याच सुमारास एक नवी शंका बळावत होती. शरीरात सोडलेल्या मूळपेशी, ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्या बहुतेक थोड्याच दिवसांत मरून जातात. तरी प्राण्यांच्या प्रयोगात काहीसा गुण दिसतो. मग गुण येतो कशाने? उत्तर असे सुचले की, पेशी स्वतः गवंडीकाम करीत नसाव्यात. त्या निरोप पाठवीत असाव्यात. प्रत्येक पेशी आपल्या अंगापासून अतिसूक्ष्म थैल्या सोडीत असते. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाच्या आसपास. १९८३ साली रक्तपेशी तयार होत असताना त्या प्रथम नीट दिसल्या, तेव्हा तो पेशीने बाहेर टाकलेला केर आहे, असा समज झाला. १९८७ मध्ये त्यांना एक्झोसोम हे नाव मिळाले. २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले की, या थैल्यांतून एका पेशीचा आज्ञालेख दुसऱ्या पेशीत पोचतो. केराची टोपली म्हणून जी दुर्लक्षिली ती टपालाची थैली निघाली! २०१० साली सिंगापूर येथील चमूने मूळपेशींच्या अशा थैल्या देऊन उंदरांच्या हृदयाची इजा कमी करून दाखविली. मग पेशी हव्यातच कशाला? थैल्या गोळा करा, जाळे धुऊन घ्या, चेतविणारी द्रव्ये त्यात भरा, आणि पेशींवाचून डागडुजी करा. पेशी जिवंत ठेवण्याचा खटाटोप नाही, त्या बेबंद वाढून गाठ होण्याचे भय कमी, साठवण सोपी. सूज आलेल्या, आकुंचन मंदावलेल्या किंवा मार्ग अडून ताणलेल्या मूत्राशयांवर उंदरांत याचे प्रयोग झाले आहेत. त्यांत सूज उतरली, व्रण कमी धरला, असे दिसते.

उंदरांत. हा शब्द मी मुद्दाम सुटा लिहितो. माणसाच्या मूत्राशयावर हा उपाय गुणकारी आहे असे छातीठोकपणे म्हणण्याजोगा पुरावा आजमितीस नाही. थैल्या कोणत्या पेशींच्या घ्यावयाच्या, किती द्यावयाच्या, आज काढलेला घाणा आणि उद्या काढलेला घाणा एकाच गुणाचा आहे हे कसे ठरवावयाचे, यावर अजून एकवाक्यता नाही. असे असून विक्री मात्र सुरू झाली. नेब्रास्का राज्यात एक्झोसोम म्हणून विकलेल्या द्रव्यामुळे रोग्यांना गंभीर अपाय झाल्याचे कळल्यावर २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध खात्याने जाहीर इशारा दिला. आपल्याकडे मूळपेशींविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. रक्ताच्या काही रोगांतील मज्जारोपण सोडले तर मूळपेशींचे बाकीचे उपयोग हे प्रयोग होत, आणि ते रीतसर चाचणीतच व्हावेत, अशी त्यांची भूमिका आहे. रीतसर चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदलेली असते, ती कोणालाही पाहता येते. आणि प्रयोगाच्या औषधाचे पैसे रोग्याकडून मागावयाचे नसतात.

समजा, तुमच्या घरात झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला तरुण मुलगा आहे. कोकणात माडावरून, आंब्यावरून पडणारे दर साल असतात. एखादा गोड बोलणारा माणूस सांगतो की, अमुक लाख भरा, पिशवीत सुई देऊ, नळी सुटेल. मन मोहात पडणार, यात नवल नाही. कलमांची बाग गहाण टाकावीशी वाटणार. त्याला एवढेच विचारा, ही चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? तोवर मुलाची नळी स्वच्छ हातांनी, वेळच्या वेळी घातली जाते ना, मूत्रपिंडांची सोनोग्राफी ठरल्यासारखी होते ना, इकडे पाहा. मूत्राशयाचा ताण उतरविण्याच्या गोळ्या आहेत, बोट्युलिनम नावाच्या द्रव्याची सुई आहे. या गोष्टी पारखून घेतलेल्या आहेत आणि कोल्हापूर-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतील मूत्ररोगतज्ज्ञांना ठाऊक आहेत. त्यांनी न भागल्यास आतड्याचे ठिगळ आहे. जुने आहे, कुरकुर करणारे आहे, पण त्याचे गुणदोष शंभर वर्षांत कळून चुकले आहेत.

अगदी अलीकडे, ४ मे २०२५ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे डॉ. इंदरबीर गिल आणि डॉ. नीमा नसिरी यांनी एका मृत दात्याचे मूत्राशय जिवंत रोग्यास बसविले. जगात असे प्रथमच घडले. रोग्याचे मूत्राशय कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत बहुतेक गेले होते, पुढे मूत्रपिंडेही गेली होती आणि तो डायलिसिसवर होता. सुमारे आठ तासांच्या शस्त्रक्रियेत त्याला आधी मूत्रपिंड व नंतर मूत्राशय बसविले. अशा रोग्याला परका अवयव टिकविण्याची औषधे जन्मभर घ्यावी लागतात, म्हणून ज्याला ती मूत्रपिंडासाठी एरवीही घ्यावी लागणारच होती असाच रोगी त्यांनी निवडला. नवे मूत्रपिंड लागलीच काम करू लागले, लघवी नव्या मूत्राशयात उतरू लागली, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला डायलिसिसची गरज लागली नाही.